टनामागे पन्नास पैसे

डिसेंबर २०२३, नागपूरचं हिवाळी अधिवेशन. विधान परिषदेत कोल्हापूरचे आमदार सतेज पाटील मराठा-कुणबी समाजासाठीच्या सारथी या सरकारी संस्थेच्या फेलोशिपचा विषय मांडत होते. पीएच.डी.साठी फेलोशिप मिळणाऱ्या मुलांची संख्या दोनशेवर का आणून ठेवली, असा त्यांचा सवाल होता. त्यावर तत्कालीन उपमुख्यमंत्री अजित पवार यांनी उलट विचारलं, पीएच.डी. करून काय दिवे लावणार? पुढं गदारोळ झाला, खुलासे झाले, विद्यार्थी रस्त्यावर आले. त्या प्रश्नाचं उत्तर मात्र कुणी नीट बसून दिलं नाही.

प्रश्न उद्धट होता, गैर नव्हता. सरकारी तिजोरीतून महिन्याला ३७ हजार रुपये घेणाऱ्या माणसाला ‘बाबा रे, काय करतोस?’ असं विचारायचा हक्क लोकांना आहेच. पीएच.डी.च्या नावाखाली काय काय चालतं, हे कुठल्याही विद्यापीठाच्या कॅन्टीनमध्ये चहा पिणाऱ्याला ठाऊक असतं. फेलोशिप चालू आणि टेबलावर एमपीएससीची पुस्तकं. मार्गदर्शकाच्या घरची कामं. कुणी न वाचलेले, कुणी वाचू नयेत म्हणूनच जणू लिहिलेले प्रबंध. यावर पांघरूण घालण्यात मला रस नाही. मी संख्याशास्त्र शिकवतो, त्यामुळं माझं म्हणणं एका कोपऱ्यापुरतं आहे: साथरोगशास्त्र आणि जैवसांख्यिकी, म्हणजे आजार कुणाला, कुठं, कशानं होतो हे आकड्यांतून शोधणं. कोल्हापूर जिल्ह्याला या विषयात पूर्ण पगारावर डॉक्टरेट करणारी चार-पाच मुलं-मुली हवी आहेत. त्यांचा खर्च जिल्ह्यानंच उचलावा, आणि खर्च उचलताना प्रश्नही आपलेच द्यावेत.

आता दिव्यांकडं येऊ.

शिरोळ तालुक्यात कुठल्याही पारावर बसा, ऊसदर आणि महापूर संपला की विषय कॅन्सरवर येतो. ‘आमच्या गल्लीत पाच जण गेले.’ बोट फवारणीकडं जातं, खतांकडं जातं, पंचगंगेच्या पाण्याकडं जातं. वर्तमानपत्रांत बातम्या येतात, तपासणी शिबिरं होतात, निवेदनं दिली जातात. हे सगळं खरं असू शकतं. पण ते खरं आहे असं छातीठोकपणे सांगायला काय लागतं?

पाच जण गेले, पण कितींपैकी आणि किती वर्षांत? त्या गल्लीत साठीच्या पुढची माणसं किती? कॅन्सर हा मुख्यतः उतारवयाचा आजार. गावातली तरुण पोरं पुण्याला गेली आणि मागं आई-वडील राहिले, तर दर हजारी कॅन्सर वाढलेला दिसणार, नदीत विषाचा एक थेंब न पडता. म्हणून आधी वयाचा हिशेब जुळवून दर काढावा लागतो. मग निदानाची भानगड. तीस-चाळीस वर्षांपूर्वी घरातली म्हातारी ‘पोटाच्या दुखण्यानं’ जायची. आज मिरज, सांगली, कोल्हापूर तासाभराच्या अंतरावर आहेत आणि तिथं बायोप्सी होते. तेव्हा आजार वाढला, की असलेल्या आजाराला नाव मिळालं? त्यात पुन्हा योगायोग आहे. शेकडो गावांचे आकडे मांडले तर त्यातल्या काही गावांत काहीही कारण नसताना आकडा फुगलेला सापडतोच. नेमकी तीच गावं बातमीत येतात.

खरी अडचण याच्यापुढं आहे. कॅन्सर आज दिसला तरी त्याची सुरुवात दहा-वीस वर्षांमागची असते. म्हणजे कुणी कोणतं औषध कधी फवारलं, पंप पाठीवर कोण घ्यायचं, हातमोजे होते का, पिण्याचं पाणी आडाचं होतं की नळाचं, हे सगळं मागं जाऊन विचारायचं. आणि आजारी माणूस विचार करकरून जास्त आठवतो. धडधाकट माणसाला आठवायचं कारणच नसतं. दोघांच्या उत्तरांची सरळ तुलना केली की औषध दोषी ठरलेलंच असतं. ही चूक कशी टाळायची, किती माणसं विचारावी लागतील, कुणाची तुलना कुणाशी करायची, हे शिकण्यातच या विषयातल्या पीएच.डी.ची पहिली दोन वर्षं जातात. उरलेली तीन घरोघर फिरण्यात. एका शिबिरातून किंवा एका आमसभेतून हे उत्तर निघत नाही, आणि ते काढायला कुणी रिकामा नाही. वैद्यकीय अधिकाऱ्याला ओपीडी आहे, प्राध्यापकाला पेपर तपासायचे आहेत. पाच वर्षं एकाच प्रश्नामागं हात धुऊन लागणारा माणूस म्हणजे पीएच.डी.चा विद्यार्थी. एवढ्या वेळासाठी असं दुसरं कुणी मिळत नाही.

महाराष्ट्रात हे झालेलंच नाही असं नाही. बार्शीच्या नर्गिस दत्त कॅन्सर रुग्णालयानं १९८७ साली गावोगाव फिरून कॅन्सरची नोंद ठेवायला सुरुवात केली. ग्रामीण भागातली ती देशातली पहिली नोंदणी. त्या पायावर पुढं शेजारच्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यात, ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ बायकांवर गर्भाशयमुखाच्या कॅन्सरचा अभ्यास झाला. गावांचे ५२ गट पाडले आणि कुठल्या गटाला कोणती तपासणी हे चिठ्ठ्या टाकाव्यात तसं ठरवलं. २००९ साली निष्कर्ष आला: या कॅन्सरला कारण ठरणाऱ्या एचपीव्ही विषाणूची एकच तपासणी केली तरी त्या कॅन्सरनं होणारे मृत्यू जवळपास निम्मे होतात. जगभरच्या तपासणीच्या धोरणांत हा अभ्यास आजही उद्धृत होतो. (एका गटाला तपासणी मिळाली नाही, म्हणून त्याच्या नैतिकतेवरही बराच वाद झाला. तो वाद व्हायलाच हवा होता.) गडचिरोलीत अभय आणि राणी बंग यांनी नवजात बाळांच्या घरच्या घरी काळजीचा जो प्रयोग केला, त्याची ताकदही हीच होती. ३९ गावांत काळजी, ४७ गावं तुलनेला, आणि प्रत्येक जन्म-मृत्यूची नोंद. दोघेही जॉन्स हॉपकिन्समधून सार्वजनिक आरोग्य शिकून आले होते. आले आणि गडचिरोलीला गेले. दिवे म्हणायचे तर आणखी काय पाहिजे?

आणि आपण? पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी ३९ फुटांवर गेलं की इशारा, ४३ वर धोका. २०१९ आणि २०२१ च्या महापुरानंतर तर लहान पोरालासुद्धा आजची पातळी फूट-इंचात पाठ असते. कारण तिथं कुणीतरी रात्रंदिवस मोजायला बसलेलं असतं आणि तो आकडा लगेच लोकांपर्यंत येतो. आता असं विचारा, की पूर ओसरल्यावर कुठल्या गावात किती दिवसांनी लेप्टो (उंदरांच्या मुतातून पाण्यावाटे येणारा ताप) वाढला, कावीळ कुठल्या पाइपलाइनवर पसरली, त्यावर डॉक्सिसायक्लिनच्या गोळ्या वाटल्या त्यांचा किती उपयोग झाला? आकडे नसतात असं नव्हे. एकात्मिक रोग सर्वेक्षण कार्यक्रम २००४ पासून चालू आहे. लक्षणांचा एक फॉर्म, डॉक्टरच्या अंदाजाचा एक, प्रयोगशाळेचा एक. आता ते ऑनलाइन भरले जातात. आशाताई उन्हातान्हात फिरून माहिती गोळा करतात, ती वर जाते, आणि वर गेलेली माहिती खाली गावात समजेल अशा रूपात क्वचितच परत येते. मृत्यूच्या नोंदीत कारण म्हणून ‘वृद्धापकाळ’ नाहीतर ‘हार्टफेल’. त्यामागचं कारण शोधायचं तर घरच्यांशी पद्धतशीर बोलून ते काढायची रीत या शास्त्रात आहे. देशात लाखो मृत्यूंवर ती वापरलीही गेली आहे.

इचलकरंजी आठवा. २०१२ च्या उन्हाळ्यात तिथं कावीळ पसरली. ई प्रकारची, म्हणजे पिण्याच्या पाण्यात मैला मिसळल्याची जवळजवळ खूण. हा प्रकार बाकीच्यांना बहुधा सोडून देतो, पण गरोदर बाईला, विशेषतः शेवटच्या तीन महिन्यांत, गाठतो. अशा साथीत कुठल्या वॉर्डात कुठल्या दिवशी किती रुग्ण, हे नकाशावर मांडलं की गळती कुठं आहे ते दिसायला लागतं. पण मांडणारा माणूस साथ येण्याआधी तयार असावा लागतो. साथ आल्यावर जाहिरात काढून तो मिळत नाही.

कोविडचंही तेच. जून २०२१ मध्ये राज्यात दुसरी लाट ओसरत होती आणि कोल्हापूरचा पॉझिटिव्हिटी दर (तपासलेल्या शंभरांत बाधित किती) मात्र दहा टक्क्यांच्या वर अडकून बसला होता. त्या एका टक्केवारीवर राजारामपुरी-महाद्वार रोडची शटर्स वर-खाली होत होती. व्यापारी आंदोलनाला उतरले. तो दर नुसत्या आजारावर ठरत नाही, तपासणी कुणाची केली यावरही ठरतो. खोकणाऱ्यांचीच केली तर चढतो, एसटी स्टँडवर येईल त्याची केली तर उतरतो. म्हणजे शहराचं पोट ज्या आकड्यावर टांगलेलं होतं, तो आकडा सोलून दाखवणं हे चांगल्या जैवसांख्यिकीच्या विद्यार्थ्याचं आठवड्याचं काम होतं. आमच्या शिवाजी विद्यापीठाच्या संख्याशास्त्र विभागातून चांगली मुलं बाहेर पडतात, वर्षानुवर्षं. त्यातली बरीचशी पुण्याच्या क्लिनिकल रिसर्चच्या कंपन्यांत जातात आणि परदेशी औषधांच्या चाचण्यांचे तक्ते बनवतात. काम चांगलं, पगार चांगला. मी त्यांना नावं ठेवत नाही. त्यांना इथं थांबा म्हणायला आपल्याकडं काय होतं?

इथं पैशाचा मुद्दा येतो, आणि त्यावर आपल्याकडं दोन्ही बाजूंनी गोंधळ आहे.

एक बाजू पालकांची. ‘सर, तिशीला आलं तरी पोरगं शिकतंयच.’ पाहुण्यांत सांगायची लाज. मग कुणीतरी सुचवतं, अमेरिकेला पाठवा. चाळीस-पन्नास लाखांचं कर्ज काढून आधी दोन वर्षांचं एमपीएच, म्हणजे सार्वजनिक आरोग्याची पदव्युत्तर पदवी, पुढं बघू पीएच.डी.चं. अशा घरांना माझा सल्ला एकच असतो: या विषयात पदरचे पैसे घालून डॉक्टरेट करू नका. बरी म्हणण्यासारखी विद्यापीठं पीएच.डी.ला घेताना पैसे मागत नाहीत, देतात. अमेरिकेत फी माफ, महिन्याला मानधन, आरोग्य विमा. बदल्यात आठवड्याला साधारण वीस तास शिकवणीला किंवा प्रकल्पावर काम. स्वीडन, डेन्मार्क, नेदरलँड्समध्ये तर पीएच.डी. ही सरळ नोकरीच असते. जागेची जाहिरात निघते, अर्ज करायचा, पगार घ्यायचा, कर भरायचा. प्रवेश देतो पण पैसे तुमचे, असं पत्र आलं तर नम्रपणे नाही म्हणावं. आपल्या देशातही वाटा आहेत. आयसीएमआरची आणि यूजीसीची जेआरएफ ही संशोधन फेलोशिप, चेन्नईची राष्ट्रीय साथरोगशास्त्र संस्था, वेल्लोरचं सीएमसी, तिरुवनंतपुरमचं श्री चित्रा, मुंबईत देवनारची लोकसंख्या विज्ञान संस्था. (अर्जासोबतच्या निवेदनात ‘मला लहानपणापासून गणिताची आवड’ असं लिहू नका, एवढंच. इचलकरंजीची कावीळ लिहा. वाचणारा ताठ बसेल.)

दुसरी बाजू सरकारची. फेलोशिप म्हणजे उपकार, म्हणून ती कधीही कापावी, कधीही थकवावी, सहा-सहा महिन्यांची एकदम द्यावी. आमच्या सारथीचं उपकेंद्र इथं कोल्हापुरातच आहे. तिथल्या, आणि बार्टी, महाज्योती या तशाच संस्थांच्या मुलांची आंदोलनं आपण बघतोच. ज्याला महिन्याच्या एक तारखेला खोलीचं भाडं द्यायचं आहे, तो शिरोळच्या चाळीस गावांत पाच वर्षं फिरायचं काम हातात घेईल का? तो ग्रंथालयात बसून होईल असाच विषय निवडणार. मग आपणच म्हणणार, काय दिवे लावले?

पैसे मध्येच थांबले की काय होतं, याचं आपल्याला सर्वांत जवळचं उदाहरण डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं आहे. १९१३ साली सयाजीराव गायकवाडांनी त्यांना दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती दिली, तीन वर्षांसाठी, परतल्यावर बडोद्याच्या चाकरीत राहण्याच्या अटीवर. कोलंबियाचं काम झालं. लंडनचं अर्धवट राहिलं, कारण मुदत संपली आणि १९१७ मध्ये परतावं लागलं. पुन्हा लंडनला जायला १९२० उजाडलं, आणि तेव्हा मदत करणाऱ्यांत आपले शाहू महाराज होते. एवढ्या मोठ्या माणसाची तीन वर्षं मुदतीच्या कागदानं खाल्ली. साध्या घरातली मुलगी अशी अडली तर परत येतच नाही. तिचं लग्न होतं.

पैसे कोण देतो यावर प्रश्न कुणाचा हेही ठरतं. बोस्टनला गेलेला विद्यार्थी तिथल्या प्राध्यापकाच्या अनुदानावर काम करतो, म्हणून तिथला आजार अभ्यासतो. त्यात चूक काही नाही. फक्त सिंधुदुर्गातल्या दोडामार्गात २०१६ पासून डोकं वर काढलेला, गोचिडांतून येणारा माकडताप चंदगडच्या जंगलाला खेटून आहे, त्यासाठी बोस्टनचे पैसे यायचे नाहीत. याला अपवाद आहेत. पुण्याच्या केईएम रुग्णालयात डॉ. याज्ञिकांनी १९९३ पासून सहा खेड्यांतल्या गरोदर बायका आणि त्यांची मुलं यांचा माग ठेवला. वजनानं किरकोळ पण अंगात चरबी जास्त, अशी आपली बाळं असतात हे त्यातून पुढं आलं. त्याला ब्रिटनच्या वेलकम ट्रस्टचा पैसा होता. पैसा परका, प्रश्न घरचा. पण त्यासाठी प्रश्नाला घट्ट धरून बसलेला माणूस इथं होता. शिवाय परक्या पैशाचा भरवसा आता उरला नाही. २०२५ साली अमेरिकेनं संशोधनाच्या अनुदानांना कात्री लावली, तेव्हा मॅसॅच्युसेट्सच्या एका सरकारी वैद्यकीय विद्यापीठानं पीएच.डी.साठी दिलेले प्रवेश परत घेतले. व्हिसाची वाट बघणाऱ्या मुलांना हे आधी कळलं, आपल्याला बातमीतून.

मग हिशेबच करू. सध्याच्या दरानं पहिली दोन वर्षं महिना ३७ हजार, म्हणजे ८ लाख ८८ हजार. पुढची तीन वर्षं ४२ हजार, म्हणजे १५ लाख १२ हजार. घरभाडं सोडून पाच वर्षांचे बरोबर २४ लाख. आता हंगामाला १० लाख टन ऊस गाळणारा साखर कारखाना घ्या. टनामागे ५० पैसे काढले तर वर्षाला ५ लाख, पाच वर्षांत २५ लाख. एका कारखान्याच्या पन्नास पैशांत एक डॉक्टरेट. ऊसतोड कामगारांच्या महामंडळासाठी टनामागे दहा रुपयांची तरतूद आपण ऐकली आहे. मुख्यमंत्री निधीच्या कपातीवरून भांडणंही ऐकली आहेत. आठ आण्यांसाठी कुणाचं बिल बुडणार नाही. आणि हे पैसे शेतकऱ्याच्या बिलातून नकोत, कारखान्याच्या नफ्यातून द्या. बिलातून कापले तर स्वाभिमानी शेतकरी संघटनेचे कार्यकर्ते गाडी अडवतील, आणि बरोबर करतील. गोकुळ दूध संघाला हे त्याहून सोपं आहे. गोठ्यातून माणसात येणाऱ्या ब्रुसेलोसिससारख्या आजाराचा प्रश्न त्यांच्याइतका जवळचा कुणाचाच नाही.

माणसं कुठं बसवायची, तर विद्यापीठ आणि सीपीआर हे सरकारी रुग्णालय यांच्यामध्ये रिक्षाचं अंतर आहे. एक मार्गदर्शक संख्याशास्त्राचा, दुसरा शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या जनऔषधवैद्यकशास्त्र (कम्युनिटी मेडिसिन) विभागाचा. दोघांची सही असल्याशिवाय प्रबंध पुढं सरकणार नाही. डॉक्टरांना गणित नको असतं आणि गणितवाल्यांना रुग्ण नको असतो. हे भांडण एका मुलीच्या प्रबंधात सुटलं तरी खूप झालं. बाँड मात्र नको. पदवीनंतर इतकी वर्षं जिल्ह्यातच राहा अशी अट घातली की हुशार मुलं अर्जच करत नाहीत आणि उरलेली दंड भरून सुटतात. माणसाला बांधू नका, प्रश्नाला बांधा. माहिती जिल्ह्यातली, निष्कर्ष आधी ग्रामसभेत मराठीतून, मग जर्नलमध्ये. त्यानंतर ती लंडनला गेली तरी शिरोळचा आकडा शिरोळमध्ये राहिला.

यावर कारखान्याच्या संचालकांचा पहिला आक्षेप मला आत्ताच ऐकू येतो, आणि तो खराच अवघड आहे. पंचगंगेवरच्या तेरवाडच्या बंधाऱ्याजवळ मासे मरून तरंगतात तेव्हा मळीमिश्रित पाण्याचं नाव निघतं. उद्या आमच्याच पन्नास पैशांवर शिकलेल्या पोरीनं आमच्याच पाण्याचा अहवाल काढला तर? काढेल. किंवा काढल्यावर असंही दिसेल, की दोष तुमचा कमी आणि नगरपालिकांच्या सांडपाण्याचा जास्त. दोन्ही शक्यता उघड्या ठेवायच्या तर पैसे वर्षावर्षाला संचालकांच्या मर्जीनं देऊन चालणार नाही. पाच वर्षांची रक्कम एकदम विद्यापीठाकडं जमा व्हायला हवी. विद्यार्थ्याची निवड आणि प्रश्नाची निवड यांत कारखान्याचा माणूस नको. निष्कर्ष छापण्याआधी कुणाला दाखवायची अट नको. एका कारखान्याचे पैसे त्याच कारखान्याच्या कार्यक्षेत्रातल्या प्रश्नाला न लावता चार-पाच कारखान्यांचे एकत्र केले, तर कुणाच्या पैशावर कुणाचा अहवाल हा वादही बराच बोथट होईल.

साखर कारखान्यांच्या वार्षिक सभा सप्टेंबरअखेर होतात. ऐनवेळच्या विषयांत असलं काही घेतलं की गोंधळात मंजूर-मंजूरच्या घोषणा होऊन ते विरून जातं. म्हणून ज्या सभासदाला हे पटलं असेल त्यानं ठराव मुदतीत लेखी द्यावा, वरच्या अटींसकट, आणि पोच घ्यावी.